माघातला चुना

माघ वद्य द्वितीया. सकाळपासून मी धारच्या आमच्या घराच्या स्वयंपाकघराला चुना देत होते. पदर कमरेला खोचलेला, डोक्याला जुनं फडकं, हातात शिंदीचा कुंचा. चुलीमागची भिंत सगळ्यांत वाईट होती. माझ्या लग्नाआधीपासूनची काजळी, त्यावर फोडणीच्या तेलाचे ओघळ, त्यावर पुन्हा धूर. पहिल्या हाताला चुना पिवळा पडला, दुसऱ्याला करडा. तिसऱ्या हाताला भिंत एकदाची पांढरी झाली. मी मागे सरून पाहिलं आणि मनाशी म्हटलं, आता हे घर होळीच्या आत जाणार.

घर विकायची घाई होती. ह्यांना देवासच्या दरबारात कारकुनी मिळून वर्ष होत आलं होतं. हे तिकडे एका खोलीत राहत आणि खानावळीत जेवत. पोट बिघडलं की ताकावर दिवस काढत. मी इकडे घराला कुलूप लावता येत नाही म्हणून बसलेली. अर्धं सामान देवासला, अर्धं धारला. इथे कढई, तर झारा तिथे. सकाळी उठल्यावर आधी आठवावं लागे, कुठली वस्तू कुठल्या गावात आहे. मला असं अधांतरी राहणं जमत नाही. हातातलं काम संपेना आणि नवं सुरू करता येईना, की मी विनाकारण भांडी घासत बसते.

कार्तिकात मी देवासला जाऊन एक घर पाहून आले होते. घरमालकाने दिवाळीचा रंग दिलेला, ओट्याला गेरूचे पट्टे, विहिरीचा रहाट तेल घालून गुळगुळीत, कोपऱ्यात जातं बसवलेलं आणि त्याला नवा खुंटा. हे सगळं गिऱ्हाइकासाठी मांडलंय हे मला कळत होतं. तरी मी जात्यापाशी बसले, खुंटा धरून रिकामंच दोन वेळा फिरवलं, आणि उठले तेव्हा ते घर माझं झालं होतं. घरमालक ह्यांना म्हणाला, "आखातीजपर्यंत थांबतो. मग मात्र उज्जैनचं गिऱ्हाईक उभंच आहे." आखातीज म्हणजे अक्षय्य तृतीया. तोवर धारचं घर विकलं गेलं नाही, तर देवासचं हातचं जाणार आणि आमचं हे अर्ध्या सामानाचं जगणं आणखी वर्षभर चालणार.

त्या भेटीत मी एवढं शिकले, की घर विकायचं तर ते नटवलं पाहिजे. मग मी कंबर कसली. सगळ्या भिंतींना चुना. माजघरातली जमीन एका बाजूला खचली होती, ती उकरून, मुरूम घालून, धोपटून, सारवून घेतली. मोडकी बाज, गोवऱ्यांचा ढीग, लोणच्याच्या रिकाम्या बरण्या, सगळं काढून टाकलं. जे उरलं ते इतकं थोडं होतं, की खोल्यांत बोललेलं घुमे. मला ते आवडलं. जागा मोठी दिसते, असं वाटलं.

फाल्गुनात गिऱ्हाइकं येऊ लागली. एक गृहस्थ ओट्यावर आले, आत डोकावले, भिंतीकडे बघितलं, जमिनीकडे बघितलं आणि उपरण्याचा शेव नाकाला लावून "बरं, सांगतो" म्हणून गेले. दुसऱ्यांना पाणी दिलं, तर म्हणाले, तहान नाही. भर दुपारी चालत आले होते. तिसरे धामनोदचे कापसाचे व्यापारी. धारला मुलांना शाळेत घालायचं म्हणून घर बघत होते आणि बायकोला घेऊन नातलगांकडे उतरले होते. त्यांना ओसरी आवडली, विहिरीचं पाणी आवडलं. "एक-दोन दिवसांत येतो," म्हणाले. होळी झाली, रंगपंचमी झाली, त्यांचा पत्ता नाही.

होळीला हे आले होते. पांढरं घर पाहून म्हणाले, "छान केलंस. दवाखान्यासारखं दिसतंय."

"दवाखाना तरी विकला जातो का ते बघा," मी म्हटलं.

"किंमत जास्त सांगतेयस का?"

"किंमत विचारायला कोणी थांबलं तर ना."

हे परत गेले. मी दिवसातून चार वेळा ओट्यावर येऊन रस्ता बघायची आणि पुन्हा आत जायची. एकदा तर झाडलेलंच अंगण पुन्हा झाडत होते, तेव्हा शेजारच्या काकू कुंपणापाशी आल्या. वयाने माझ्याहून मोठ्या, तीन सुनांच्या सासू, आणि गल्लीतली एकूण एक बातमी आधी त्यांच्या कानी.

"वैनी, रागावणार नसाल तर विचारते. तुमच्याकडे गेलं कोण?"

"कुठे गेलं?"

"म्हणजे... वारलं कोण?"

मी झाडू खाली टाकला. "काकू, तुम्ही भिंतीला भिंत लावून राहता. कोणी मेलं असतं तर तुम्हाला कळलं नसतं?"

"मला माहीत आहे हो. पण बाजारात बोलतात. माघात कधी कोणी चुना देतं का? चुना दसऱ्याला. अवेळी चुना देतात तो प्लेगच्या घराला. त्यात तुम्ही जमीन उकरलीत. सामान निम्मं हलवलंत. यजमान दिसत नाहीत. लोक म्हणतात, कोणी पाहुणा आला होता, गाठ आली, रातोरात उचलला आणि बाई घर विकून पळतेय."

मी खाली बसले. प्लेग त्या वर्षांत येऊन जाऊन होताच. आम्हीही एका हिवाळ्यात गावाबाहेर झोपडी घालून राहून आलो होतो. परत येताना वाटेत पांढरी घरं पाहिली होती, दारं उघडी, आतली जमीन खणलेली. त्या घरांपुढून आम्ही तोंड फिरवून चालत आलो होतो. आणि मी माझ्या हातांनी, कुंचा घेऊन, आमच्या घराला तेच रूप दिलं होतं.

"मग आता काय भिंती पुन्हा काळ्या करू?"

"ते तुम्हीच जाणा," काकू म्हणाल्या. "पण माझ्या सुना म्हणतात, तुमच्या घरात आता चुलीचा वाससुद्धा येत नाही."

हे खरं होतं. एकटीसाठी मी सकाळीच भात टाकून दोन्ही वेळा भागवत होते. मी दोन दिवस घरभर फिरून विचार केला. घर मी धुऊन पुसून बिनमाणसांचं करून ठेवलं होतं. गिऱ्हाइकाला चकचकीत भिंत नको असते. इथे माणसं जेवतात, भांडतात, पाहुणे येतात, काही वाईट होत नाही, एवढं त्याला दिसावं लागतं. आणि ते मी तोंडाने सांगून कोणी ऐकणार नव्हतं.

चैत्र लागला होता. मी चैत्रगौरीचं हळदीकुंकू करायचं ठरवलं, आणि दरवर्षीसारखं ओसरीत नाही. गौर बसवली शेवटच्या खोलीत, स्वयंपाकघराला लागून. म्हणजे येणाऱ्या प्रत्येक बाईला ओसरी, माजघर ओलांडून आत यावंच लागणार, आणि पाय धुवायला विहिरीवरही जावं लागणार.

काकूंकडे गेले. "मला तुमची सतरंजी हवी, पितळी हंडे हवेत, पाळणा हवा आणि सुना हव्यात."

"सुना?"

"तिघीही. आणि त्यांना म्हणावं मोठ्याने बोला."

"ते सांगावं लागणार नाही," काकू म्हणाल्या. "सुना न्या, पण परत आणून द्या. मधली परत आली नाही तरी चालेल."

मधली आतून ओरडली, "ऐकू येतंय हो, सासूबाई!"

"ऐकू यावं म्हणूनच बोलले!"

त्या दिवशी पहाटेपासून चूल पेटती ठेवली. हरभऱ्याची डाळ भिजत होती ती वाटली, कैरी किसली, पन्ह्याला कैऱ्या उकडल्या. खरं तर एवढ्याने भागलं असतं, पण मी मुद्दाम चकल्या तळल्या आणि फोडण्या दोनदा जास्त दिल्या. मोहरी-हिंगाचा वास रस्त्यापर्यंत गेला पाहिजे, एवढंच मनात होतं. दोरीवर लुगडी वाळत घातली, त्यातली निम्मी काकूंच्या सुनांची. पाळण्यात थोरलीचं मूल. गौरीपुढे आरास केली ती जेमतेमच. माझी खरी आरास सगळ्या घरभर होती.

धामनोदच्या व्यापाऱ्यांची बायको अजून नातलगांकडेच होती, तिला बोलावणं काकूंच्या तोंडून पाठवलं होतं. त्या येतील की नाही, ह्यातच माझा जीव अडकला होता. गल्लीतल्या बायका आल्या, हसत, ढकलत, पोरं कडेवर. इथे कोणी वारलेलं नाही, हे काकूंनी आधी सगळीकडे सांगून ठेवलं असावं. पन्हं पिणाऱ्यांत एकीनेही मागेपुढे पाहिलं नाही. मी कुंकू लावत होते, डाळ वाढत होते, आणि दर दोन मिनिटांनी दाराकडे बघत होते.

"वैनी, डाळ पानाबाहेर वाढताय," धाकटी म्हणाली.

दिवेलागणीच्या जरा आधी त्या आल्या. उंच, सावळ्या, नाकात मोठी नथ. मूळच्या मराठीच, पण निमाडात जन्म गेल्यामुळे बोलण्यात हिंदी निम्मी. उंबऱ्याशी थबकल्या. मी हात धरून आत आणलं. कुंकू लावून घेतलं, ओटी घेतली. पन्ह्याचा पेला हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. ओठाला लावला नाही. बायकांचं बोलणं हळूहळू कमी झालं. सगळ्या त्या पेल्याकडे बघत होत्या, आणि मीही.

"स्वयंपाकघर देखू का?" त्या म्हणाल्या.

"बघा ना."

त्या चुलीपाशी गेल्या आणि पांढऱ्या भिंतीपुढे उभ्या राहिल्या. मी मागे.

"बाई, मी सीधी बात करते. मला चार मुलं आहेत. इथे काय झालं होतं?"

"काही नाही. घर चांगलं दिसावं म्हणून चुना दिला."

"माघात?"

"माघात."

"हे तर सगळेच बोलतील. झालं असतं तरी तुम्ही हेच बोलल्या असत्या."

त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. शपथ घेऊन काय होणार? मी चुलीवरच्या कढईतलं उलथणं उचललं आणि त्याच्या कडेने चुलीमागची भिंत खरवडायला लागले. चुन्याचे पापुद्रे डाळीच्या पातेल्यात उडाले. काकू दारातून म्हणाल्या, "अहो, डाळ!" मी थांबले नाही. तळहाताएवढी जागा मोकळी झाली. खाली ती होतीच, माझी जुनी भिंत, काळी, चिकट, तेलाने चमकणारी.

"प्लेगच्या घराच्या भिंती आधी खरवडतात, मग चुना देतात," मी म्हटलं. "ही खरवडलेली दिसते का? हात लावा."

त्यांनी पेला खाली ठेवला. दोन बोटं त्या जागेवर फिरवली, चोळली, नाकाशी नेली.

"हींग," त्या म्हणाल्या.

"वरचा थर माझा. खालचा सासूबाईंचा."

त्या पुन्हा वास घेऊन हसल्या. "सासूबाईंचा हात सढळ होता. आणि तुम्ही, बाई, एवढी सोन्यासारखी भिंत चुन्याने झाकली? कोणी सांगितलं?"

"मीच."

"मग ठीक. दुसऱ्याने सांगितलं असतं तर त्याला पकडला असता." पेला उचलून त्यांनी एका दमात पन्हं संपवलं आणि रिकामा पेला माझ्यापुढे धरला. "अजून द्या. आणि ही जागा अशीच ठेवा. उद्या सकाळी ह्यांना पाठवते. त्यांना पण हात लावू द्या. मर्द लोकांना हात लावल्याशिवाय खरं वाटत नाही."

बाहेर मधली सून जोरात हसली आणि सगळ्या एकदम बोलू लागल्या. डाळीतले पापुद्रे मी वेचून काढले. शेवटी आलेल्या दोघी-तिघींना ती वाढली नाही, चकल्यांवर भागवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धामनोदचे व्यापारी आले, भिंतीला हात लावला, बोट धोतराला पुसलं आणि सौदा पक्का म्हणून उंबऱ्यावर नारळ ठेवून गेले. त्यांची पाठ फिरताच मी चपला घालून गाडीअड्ड्यावर गेले. लग्नसराई होती. एक गाडीवान तेवढा बैलांना पेंड घालत उभा होता. आदल्या दिवशी इंदूरहून वऱ्हाड घेऊन आलेला.

"बाईसाब, आखातीज तक एक बी गाडी खाली नी हे," तो म्हणाला. "म्हूं बी पाछो इंदोर जई रियो हूं, खाली."

"रिकामाच जातोयस ना? मग देवासपर्यंत जा."

"कद?"

"आत्ता."

पाटा, वरवंटा, धान्याचे डबे, दोन पेट्या, आणि देवघर तेवढं सोडून आणखी जे काही हाताला लागलं, ते काकूंच्या सुनांनी आणि मी मिळून गाडीत चढवलं. गाडीवानाला त्या घराची खूण सांगितली, गेरूचे पट्टे असलेला ओटा. सामान तिथेच उतरव, म्हटलं. घरमालकाने विचारलं, तर सांग, बाई मागून येते आहे.