पाणकणीस आणि हमिंगबर्ड

मोबाइलवर हमिंगबर्डचा व्हिडिओ पाहिला आणि मला वाटलं, ही तर मीच. अंगठ्याएवढा पक्षी, पंख दिसू नयेत इतके भराभर हलणारे, दिवसभर या फुलावरून त्या फुलावर. मीही रोज वेवजीहून रिक्षाने तलासरी आणि तिथून एसटीने डहाणूची कचेरी गाठते. घरी आल्यावरही माझं बूड टेकत नाही, असं सासूबाई सांगतात. सूर कौतुकाचा नसतो.

नवरा म्हणजे आमच्या बांधाखालच्या डबक्यातलं पाणकणीस. चिखलात पाय रोवलेले, लांब पानं, वर तपकिरी मऊ कणीस. वारा आला तर डोलायचं, नाही आला तर तेही नाही. हा माणूस नात्यातल्या लग्नालासुद्धा मुक्कामाला राहत नाही. भात, नाचणी, गुरं. झालं.

म्हणून बढती आणि भंडाऱ्याला बदली एकदमच आली, तेव्हा मी साहेबांना सांगून टाकलं, "नवरा गाव सोडणार नाही." कचेरीत सगळ्यांना वाईट वाटलं. मैत्रिणींनी त्याला नावं ठेवली, मी ठेवू दिली. साहेब म्हणाले, घरी एकदा विचारा तरी.

विचारलं नाही. चिडून व्हिडिओ दाखवला. "ही मी. आणि तुम्ही आपल्या डबक्यातलं पाणकणीस."

त्याने दोनदा पाहिला. "चालतो का हा?"

"नाही. पायांत जोर नसतो. नुसता उडतो."

"आणि फुलं नाही मिळाली तर?"

"मरतो."

"अवघड आहे बिचाऱ्याचं," तो म्हणाला. "पाणकणसाचं बरं. मुळासकट उपटून कुठल्याही चिखलात खोचलं की लागतं. डबक्यातलं मीच मामाच्या गावाहून आणून लावलं. पण तुला झालंय काय?"

मग बदलीचं सांगावंच लागलं.

"भंडाऱ्याला पण भातच लावतात," तो म्हणाला. "इथलं भाऊ बघेल. आई येईल आपल्याबरोबर. कधी निघायचं?"

हा नाही म्हणणार, या भरवशावर मी इतकी वर्षं घरात आणि कचेरीत तोरा मिरवला होता. भंडाऱ्यात मला ओळखणारं एकही माणूस नाही. जायची भीती मला वाटत होती.

"बघू," मी म्हणाले.

तोवर तो ट्रंक काढायला माळ्यावर चढला होता.