गाडी चढाला न्या की

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पुढचं सगळं गाडीखाली पडून शिकलो. उद्यमनगरात माझं गॅरेज होतं. लोक मला मिस्त्री म्हणायचे, बायकोही चिडली की मिस्त्रीच म्हणायची. ती जाऊन बरीच वर्षं झाली. पावणं-रावळं म्हणतात, आता विसरा. कसं विसरायचं ते मात्र कुणी सांगत नाही. माझ्या हातून एक चूक झाली ती तोंडानं कुणाला सांगता आली नाही, म्हणून कागदावर लिहितोय.

टर्बोच्या डिझेल गाड्या आमच्याकडं नुकत्या यायला लागल्या होत्या. टर्बो म्हणजे सायलेन्सरकडं जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो, मग गाडी जोरात ओढते. एवढं मला कळत होतं. पण माझा हात जुन्या गाड्यांवर बसलेला, आणि हे कुणाला विचारायचं म्हटलं की लाज आडवी यायची.

मुरगूडचे एक गुळाचे व्यापारी होते, आप्पा म्हणायचे सगळे त्यांना. त्यांनी अशी नवी गाडी घेतली आणि वर्षभरात घेऊन माझ्या दारात आले.

"मिस्त्री, गाडी ओढत न्हाय. चढ आला की म्हशीगत बसती आन् मागं नुसता काळा धूर. तुमास्नी जमत नसंल तर सांगा, पुण्याला धाडतो."

"ठेवा हितंच," मी म्हणालो. पुण्याला धाडतो म्हटल्यावर दुसरं काय म्हणणार?

दोन दिवस त्या गाडीच्या मागं लागलो. एअर फिल्टर काढून बघितला, स्वच्छ. टर्बोचा पंखा बोटानं हलवून बघितला, कुठं ढिला नाही. पाइपांच्या क्लिपा आवळल्या. मग बॉनेट उघडं टाकून नुसता रेस देत बसलो, कान लावून. आवाज चांगला. उभ्या गाडीत दोष म्हणून दिसेना. टर्बोच गेला म्हणून सांगावं आणि मोकळं व्हावं, असं मनात यायला लागलं.

बायको रोज कसबा बावड्याहून दुपारचा डबा घेऊन यायची. दुसऱ्या दिवशी डबा हातात धरून ती तशीच उभी राहिली. मी रेस देतोय, ती बघतीया.

"अवो, उभ्या गाडीचं काय ऐकालायसा?"

"तुला काय कळतंय त्यातलं? भाकरी ठेव तिकडं."

"मला न्हाईच कळत. पर आप्पा म्हनले चढाला बसती. मग चढाला न्या की. खाटंवर बसलेलं मानूस दमतंय व्हय कधी?"

शेजारचा वेल्डर हसला. "मिस्त्री, वैनीस्नी गॅरेजात घ्या, तुमी डबा आना." मी त्याच्यावर खेकसलो आणि तिच्यावरही. पण बोलणं डोक्यात बसलं. थोड्या वेळानं म्हणालो, "चल, तुला घरी सोडतो," आणि गाडी घराकडं न नेता जोतिबाच्या रस्त्याला लावली. ती पदराआड हसत होती, ते मला तिरक्या नजरेनं दिसत होतं.

निघायच्या आधी मी एक केलं होतं. जुन्या कॉम्प्रेसरचं प्रेशरचं मीटर काढलं, टर्बोकडून इंजिनाला हवा नेणाऱ्या पाइपाला बारीक नळी जोडली, नळी खिडकीतून आत घेतली आणि मीटर तिच्या मांडीवर दिलं. "काटा बघ आन् सांग."

सपाटीला काटा बरा होता. डोंगराचा चढ लागला, मी पाय दाबला.

"उठला… उठला… पडला!" ती ओरडली. "आन् फुस्स वाजलं. माझ्याच बाजूला. स्टोचा वायसर गेल्यावर वाजतंय तसं."

मला इंजिनाच्या आवाजात काही ऐकू आलं नव्हतं. परत खाली आलो, परत चढवली. चढाला काटा निम्म्यावर यायच्या आत पडायचा, आणि पडला की आरशात काळा धूर.

गॅरेजात येऊन टायरवाले करतात तसं केलं. पाइपाचं एक तोंड बंद करून दुसरीकडून हवा भरली, वरून साबणाचं पाणी ओतलं. रबरी पाइप खालच्या अंगाला, क्लिपेच्या कडेला चिरला होता. वरून दिसायचा नाही. उभ्या गाडीत हवा जोर करत नाही, त्यामुळं चीर मिटलेली राहायची. चढाला जोर आला की उघडायची, आणि टर्बोनं दाबलेली हवा तिथंच निसटायची. खालून हात घातला तर बोटं तेलकट झाली. दोन दिवस मी तिथं हातच घातला नव्हता.

पाइप बदलला. आप्पा गाडी न्यायला आले, एक फेरी मारून आले, खूश.

"मिस्त्री, चढाला न्यायचं बरं सुचलं तुमास्नी."

"धंदाच हाय आप्पा आमचा," मी म्हणालो.

ती मागं उभी राहून डब्याची कडी लावत होती. घरी जाताना स्कूटरवर मागून म्हणाली, "धंदा कुनाचा म्हनायचा, मिस्त्री?" आणि इतकी हसली की स्कूटर हलायला लागली.

त्यानंतर टर्बोची गाडी आली की मी आधी बॉनेट उघडायचो नाही. ती डाव्या सीटवर, मांडीवर मीटर, आणि जोतिबाचा चढ. चार-पाच वर्षं असंच चाललं. परत येताना कधीतरी रस्त्याला उसाचा रस प्यायचो. आमचं फिरणं म्हणाल तर तेवढंच.

मग एका दिवाळीनंतर ती डबा घेऊन आली की आधी टायरवर बसायला लागली. "जरा दम लागतोय." मी म्हटलं, वय झालं. घरचा जिना चढताना मधेच थांबायची. शेवटी दवाखान्यात नेली. डॉक्टरनं तिला खाटेवर निजवलं, छातीला वायरी लावून हृदयाची पट्टी काढली. पट्टी चांगली आली. डॉक्टर चांगला माणूस होता. त्यानं तिला विचारलं, "चढताना, ओझं घेताना काही त्रास होतो का?"

तिनं माझ्याकडं बघितलं. आमच्यात बाई डॉक्टरसमोर बोलत नाही, नवरा बोलतो.

आणि मी बोललो. "काय न्हाय डॉक्टर. कामाची सवय हाय तिला."

गॅरेजात एक इंजिन उघडं पडलं होतं, मला घाई होती. डॉक्टरनं ताकदीच्या गोळ्या दिल्या. बाहेर आल्यावर मी वर तिलाच म्हणालो, "बघ, काय न्हाय झालेलं. उगंच भ्यालीस."

खाटेवरच्या माणसाचं काय बघायचं, चढाला बघावं, हे मला तिनंच शिकवलं होतं. गाडीच्या बाबतीत मी ते कधी विसरलो नाही. दवाखान्यात तिच्या शेजारी उभा होतो, तेव्हा कसं आठवलं नाही?

दोन महिन्यांनी एक गाडी आली, तीच तक्रार. पाइप बदलला आणि खात्री करायला निघालो. ती मांडीवर मीटर घेऊन बसली. "बरोबर चढालाय काटा," म्हणाली. वर गेलोच होतो, म्हणून दर्शन घेतलं. जोतिबाला जाताना पायऱ्या उतरायच्या असतात, येताना चढायच्या. येताना निम्म्यात ती थांबली. कपाळाला गुलाल होता, ओठ पांढरे झाले होते. भिंतीला हात लावून पायरीवर बसली.

"तुमी व्हा फुडं, मी आलो," ती म्हणाली.

मी थांबायला पाहिजे होतं. पण इंजिन गरम आहे तोवर नव्या पाइपाच्या खाली हात घालून बघायचं होतं, तेल निसटतंय का ते. मी पुढं गेलो. बॉनेट उघडलं, हात घातला, बोटं पुसून बघितली. तेवढ्यात खालून कुणीतरी ओरडलं, "पावणं, तुमच्या मंडळी…" मी धावलो. पायऱ्यांवर माणसं जमली होती. कुणीतरी तिच्या तोंडाला पाणी लावत होतं, पण ते आत जात नव्हतं.

तिला त्याच गाडीतून खाली आणली. मागच्या सीटवर दोन बायका तिला धरून बसल्या होत्या. पुढं डाव्या सीटवर मीटर तसंच पडलं होतं.

पाइप कोरडा होता. गाडीत काहीच दोष राहिला नव्हता. एवढं बघायला मी पुढं गेलो होतो.