विलासच्या जादा वायरी

नेटवर्क बसवायचा धंदा म्हंजी वायर कमी आन् किस्से जास्त. आमच्या शिरूरच्या दुकानात चहा उकळेस्तोवर दोन तरी निघतात, आणि दोन्हींत माझा पार्टनर विलास असतोच. स्वभावानं सोनं, पण साधं काही करेल तर शपथ! प्रत्येक गोष्टीला त्याला बॅकअप लागतो. बोलण्यातही तेच. त्यापायी त्याचं लग्न जमेना. पाहुण्यांनी "काय काम करता?" विचारलं की अर्धा तास उत्तर चालायचं. पाहुणे पोहे संपवून घड्याळ बघायचे. गडी मनातून खचत चालला होता.

*

रांजणगावच्या एका कंपनीत ह्यानं नेटचे दोन स्विच, म्हंजी नेट वाटून देणारे डबे, एकाऐवजी दोन वायरींनी जोडले. झालं, माहिती त्या दोन्हींतून गोल गोल फिरत बसली आणि आख्खं नेट ठप्प. शिफ्ट सुटलेली, हजेरीचं मशीन बंद, गेटवर बस खोळंबलेल्या.

सुपरवायझरनं विचारलं, "दोन वायरी कशाला?"

"एक तुटली तर दुसरी असावी म्हणून."

"अहो, एकही न तुटता बंद पडलं की!"

*

पाबळच्या एका आबांना गोठ्यातला कॅमेरा घरात बसून बघायचा होता. विलासनं कागदावर गोठा आन् घराच्या मधे असले चार डबे काढले. आबांनी चष्मा लावून बघितलं.

"म्हंजी म्हैस व्याली, ही बातमी चार ठिकाणी थांबून माझ्याकडं येणार?"

"व्हय आबा."

"त्यापरीस ती वरडती, ते मला हितं ऐकू येतं."

*

मग निमोण्याकडची एक दूध डेअरी. तिथला कॉम्प्युटर चेअरमन आप्पांची लेक कविता बघायची. दुधाच्या काट्यापासून तिच्या टेबलापर्यंत विलासनं डब्यांची रांगच लावली. ती म्हणाली, "ह्यातला एकेक काढत जावा. बंद पडलं की थांबा."

विलास काढत गेला, नेट चालत राहिलं. शेवटी एकच डबा उरला.

"हा बी काढू?"

"न्हाई, आता च्या घ्या."

त्या दिवसापासून विलास कामाशिवाय डेअरीवर जायला लागला. मी म्हणालो, "गड्या, सरळ मागणी घाल." तो म्हणाला, "हितं नकार आला तर मी मोडून जाईन रं." मलाही लई वाईट वाटलं.

*

बघायचा कार्यक्रम ठरला. पोहे झाले. आप्पा म्हणाले, "कविता, तुला काय विचारायचं ते विचार." मी मनात देवाचा धावा सुरू केला.

कवितानं मान वर केली. "तुम्हाला सगळ्याला बॅकअप लागतो. माझ्या बॅकअपला दुसरी कुणी बघून ठेवलीय का?"

विलास म्हणाला, "न्हाई."

आम्ही सगळे वाट बघत बसलो. पुढं काहीच आलं नाही.

आप्पांनी फोडायला सुपारी मागवली.