मृत्यूच्या रकान्यातला गायक

दांडिया बाजारात जुन्या रेकॉर्डी विकणारे काका रोज दुकानाबाहेरच्या फळ्यावर गायकांचे जन्म, मृत्यू आणि गाजलेली ध्वनिमुद्रणं लिहवून घेतात. लिहितो मी. समोरच्या शिंप्याकडचं काम मला त्यांनीच लावून दिलं. "काका, माझी शाळा सातवीतच सुटली," म्हटलं, तर म्हणाले, "गाणाऱ्यांची कुठे पुरी झाली होती?"

एकदा वाढदिवस असलेला गायक मी मृत्यूच्या रकान्यात लिहिला. दुपारपर्यंत फळ्यावर दोन हार पडले. मग एक गुजराती गिऱ्हाईक ओरडलं, "अरे, ए तो जीवे छे!" काकांनी शिंप्याला एक शब्द सांगितला असता, तर काम सुटून मी परत गावी, लातूरला गेलो असतो. काकांनी खडू घेऊन खाली लिहिलं, "चूक माझी," आणि सही केली.

मला म्हणाले, "उद्या तीन मृत्यू आहेत. जरा लवकर ये."