टाकीवरचा गरुड

आमच्या आचोळ्याच्या सोसायटीत मला आता कुणी सेक्रेटरी म्हणत नाही. का, ते सांगतो. पण आधी चहाचा कप खाली ठेवा, ठसका लागेल.

कबुतरांनी नुसता उच्छाद मांडला होता. जाळी लावायचं सोडून मी त्यांना घाबरवायला ऑनलाइन फायबरचा गरुड मागवला. रविवारी निवडणूक होती आणि ती मला या गरुडाच्या जिवावर जिंकायची होती. वॉचमनला सांगून ठेवलं, माझ्या गाडीच्या डिकीतून खोकं काढ आणि गच्चीतल्या टाकीवर बसव त्याला.

रविवारी सकाळी सगळ्या सभासदांना घेऊन गच्चीवर गेलो. टाकीवर गरुड हजर. पोट पांढरंशुभ्र, पाठ राखाडी, चोच आकड्यासारखी वाकडी. माझी तर छातीच फुगली हो!

"फोटोत तपकिरी होता ना?" देसाईवहिनींनी विचारलं.

"नवीन मॉडेल आहे."

"मग पायाखाली मासा कसला?"

"तो सोबत फ्री आलाय."

तेवढ्यात राऊतकाका पुढे आले. इथलेच मूळचे, जन्म खाडीकाठच्या शेतीत गेलेला, आणि निवडणुकीत माझ्याविरुद्ध उभे. "सेक्रेटरी, हात नका लावू. खाडीवरचा हाय तो. पानी बघून आलाय."

मी मनात म्हटलं, जळतोय म्हातारा. टेप घेऊन शिडी चढलो. टाकी धुवायची म्हणून झाकण उघडं होतं, पण तिकडे बघतो कोण?

"उंची सव्वादोन फूट," मी वरून सांगितलं. "नखं बघा, माझ्या करंगळीएवढी. आणि डोळे इतके हुबेहूब, की माझ्याकडेच बघतोय असं वाटतं."

"बघतोच हाय तो," काका म्हणाले.

"पंख मात्र शोभेचे, उघडत नाहीत." असं म्हणून मी एक ओढून दाखवला.

दोन्ही उघडले. साडेसहा फूट तरी असतील. टेप लावायचं राहून गेलं. कानाखाली पंखाचा असा फटका बसला की किंचाळत थेट टाकीत पडलो. मागोमाग मासा. गरुड आपला खाडीकडे निघून गेला.

वॉचमन धापा टाकत वर आला. "साहब, खोका तो डिकी में ही है. चाबी आपने दी कहाँ?"

निवडणूक राऊतकाका जिंकले. सोमवारी खरा, म्हणजे खोटा गरुड टाकीवर बसवला. दुपारपर्यंत कबुतरं त्याच्या डोक्यावर.

मग काकांनी ठराव मांडला, "त्या दिवशी यांच्या बोंबलन्यानं चार बिल्डिंगची कबुतरं उडाली. हेच काम यांना देऊ." एकमतानं मंजूर. देसाईवहिनींनी तर दोन्ही हात वर केले.

तेव्हापासून रोज सकाळी सात वाजता मी त्या फायबरच्या गरुडाशेजारी उभा राहून किंचाळतो. आठवडाभर उपयोगही झाला.

परवापासून कबुतरं माझ्याही डोक्यावर बसायला लागलीत.