आकाशनिंबाखालची पाहुणी

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आणि खरं सांगू का, आजही फारसा नाही. मी रसायनशास्त्र शिकलेली बाई. सगळी नोकरी नागपूरच्या एका कॉलेजच्या लॅबमध्ये झाली. अंगात आल्याच्या, झपाटल्याच्या गप्पा निघाल्या की मी चहा ठेवायच्या निमित्तानं उठून जायचे... तरीही हे लिहितेय, कारण ही ऐकीव गोष्ट नाही. मी तिथे उभी होते.

अठ्ठ्याहत्तरचा हिवाळा. माझे बाबा संत्रा मार्केटमध्ये एका अडत्याकडे लिलाव पुकारायचे. आवाज असा खणखणीत, की रस्त्यापलीकडे टांग्याला जुंपलेला घोडा कान टवकारायचा. त्या वर्षी पोळ्याच्या सुमारास त्यांना अर्धांगाचा झटका आला. हात-पाय हळूहळू सुधारले, पण वाचा गेली ती गेलीच. सुरुवातीला ‘ब... ब...’ असं काहीतरी निघायचं. ते ऐकून समोरचा कळवळला की बाबांचा चेहरा पडायचा. मग त्यांनी प्रयत्नच सोडला. पाणी हवं तरी बोटानं दाखवायचं. कोणी भेटायला आलं की भिंतीकडे तोंड करून पडून राहायचं. डॉक्टर म्हणाले, "बोलायची इच्छाच गेली तर औषध काय करणार? माणसांत न्या त्यांना." पण बाबांना माणसंच तर नको होती!

डिसेंबरात मी नोकरीत पर्मनंट झाले. सिव्हिल लाइन्समध्ये इंग्रजांच्या काळातलं एक हॉटेल होतं — कवेलूचं छप्पर, रुंद व्हरांडा, समोर हिरवळीवर वेताच्या खुर्च्या आणि पांढऱ्या चादरी घातलेली टेबलं. पूर्वी रेल्वेनं येणारे साहेबलोक तिथे मुक्कामाला उतरायचे. आम्ही ते फक्त फाटकाबाहेरून पाहिलेलं. मी बाबांना म्हटलं, "तिथं जेवायला जाऊ. आपल्या ओळखीचं एकही माणूस येणार नाही." तेवढ्या एका कारणासाठी ते तयार झाले.

रविवारची दुपार, छान कोवळं ऊन. आम्हाला हिरवळीच्या कडेचं टेबल मिळालं, आकाशनिंबाच्या झाडाखाली. लांब देठांची पांढरी फुलं टपटप पडत होती. एक तर आईच्या सूपमध्येच पडलं. आई आधीच बावरलेली. माझ्याकडे वाकून म्हणाली, "काहून वं, इथं हातानं जेवलं तर चालते ना?" मी म्हटलं, "चालते." मग ती कटलेट पोळीसारखं तोडून निवांत जेवली. बाबा मात्र नुसते चिवडत होते.

जेवण झाल्यावर आई आणि मी हात धुवायला व्हरांड्यात गेलो. मी नळ बंद केला... आणि माझ्या कानावर बाबांचा आवाज आला.

जड होता, अडखळत होता. पण बाबांचाच.

"आका... आकाशनिंब व्हय बाई. रात्री फुलते... सकायी खाली पडते."

आम्ही दोघी वळलो. हिरवळ सगळी समोर दिसत होती. बाबा टेबलावर पुढे वाकून समोरच्या खुर्चीशी बोलत होते. खुर्ची रिकामी होती. भर दुपारचं ऊन तिच्यावर पडलेलं, वेताची वीण दिसत होती मला. मी धावणार तेवढ्यात आईनं माझं मनगट धरलं. "हलू नको वं," ती कुजबुजली. "बोलू दे त्यायले. कोणाशी का बोलंनात."

बाबा बोलत होते. मधेच थांबत, मान डोलवत, समोरचं ऐकत असल्यासारखे. एकदा तर हसले. शेवटी हात जोडून म्हणाले, "बरं, या मंग."

आम्ही टेबलाशी पोचलो. समोरची खुर्ची मागे सरकवलेली होती आणि तिच्यापुढे चहाचा कप. तळाशी घोटभर चहा उरलेला, बशी गरम. आम्ही चहा मागवलाच नव्हता.

"बाबा... कोण होतं इथं?"

"म्हातारी होती एक," बाबा म्हणाले. एकेक शब्द जपून ठेवल्यासारखा. "हिरवं लुगडं. मले म्हणे, भाऊ, हे कायचं झाड व्हय? मी बोटानं फुलं दाखवली. तं म्हणे, बोटानं नको सांगू गा, तोंडानं सांग. मले दिसत नाही." त्यांनी टेबलावर पडलेलं एक फूल उचललं. "आता आंधळ्या माणसाले... कसं दाखवू?"

आई खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली.

वेटर बिल घेऊन आला. मी कपाकडे बोट केलं, "ये किसने मंगाई?"

"वो माताजी ने," तो सहज म्हणाला. "हरे लुगडेवाली. बोलीं, शक्कर ज्यादा. आपके साथ नहीं थीं क्या?" मग इकडे तिकडे पाहून, "अभी तो यहीं थीं."

मी फाटकापर्यंत धावत गेले. चौकीदार उन्हात स्टूल टाकून बसला होता. बराच वेळ कोणी आत आलं नाही, कोणी बाहेर गेलं नाही, असं तो शपथेवर म्हणाला. हिरवळीला दुसरी वाट नव्हती; तीन बाजूंनी मेंदीचं कुंपण होतं आणि चौथीला व्हरांडा, जिथे आम्ही दोघी उभ्या होतो. एकच बाई — बाबांना आणि वेटरला दिसली, मला आणि आईला नाही.

घरी परतताना रिक्षात बाबांनी रस्त्यावरच्या प्रत्येक दुकानाची पाटी वाचली. अर्धी चुकीची, पण मोठ्यानं. डॉक्टर नंतर म्हणाले, अशी वाचा कधीकधी अचानक परत येते, कोणीतरी नकळत बोलायला भाग पाडलं की. मला ते पटलं. आजही पटतं. पण त्या चहाचं काय करायचं? त्या लुगड्याचा रंग दोघांनी न ठरवता एकच कसा सांगितला?

बाबा पुढे बरीच वर्षं जगले, आणि सगळ्या घराला पुरून उरेल इतकं बोलले. मी अधूनमधून खोदून विचारायचे, "बाबा, नाव-गाव काहीच विचारलं नाही तिला?"

ते हसायचे. "तिनं मले विचारूच कुठं देल्लं वं? तीच विचारून राहिली होती. लेकी किती, घर कुठं, जेवले का..."

मी या सगळ्याची जुळवाजुळव कैक वेळा करून पाहिली आहे. ती होत नाही. कोणाला सुचलं काही तर जरूर सांगा. पण नाही सुचलं तरी माझी तक्रार नाही.