तणसाच्या खोलीतला रेडिओ

माझी मोठी बहीण मीरा हिच्यावर अन्याय झाला तो ती दहावीत असताना, उल्कावर्षावाच्या ऐन दिवशी. करणारं आमचंच घर.

आजही नव्या तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, वास आला की आमच्या खेड्याची, गोरेगावची, ती दुपार आठवते. मीराची पाळी आली, म्हणून रिवाजाप्रमाणे तिला घराबाहेर, अंगणातल्या तणसाच्या खोलीत बसवलं. विज्ञान प्रदर्शनासाठी तिने पत्र्यावर अँटेना बांधला होता. उल्का जळली की दूरच्या स्टेशनचा आवाज त्या उल्केच्या जळत्या वाटेवर आपटून क्षणभर आपल्या रेडिओत येतो, अगदी भरदिवसाही. पण रेडिओला शिवायचं नाही! मी तो उंबऱ्याबाहेर धरून बसले.

"पाच दिवसानं आयकजो," माय म्हणाली. "आभाळ काय पळून जाते?"

"पळूनच जाते माय! एका सेकंदात जाते."

तेवढ्यात खरखरीतून गाण्याचा तुकडा उमटला आणि नेमकी अँटेनाची वायर सुटली.

"लाव नं वो!" मीरा आतून ओरडली.

"कुठं लावू?"

मीराचा हात उंबऱ्यापर्यंत आला. मायकडे पाहून तिने तो मागे घेतला. मग दुपारभर नुसती खरखर. मांडायला एकही नोंद नव्हती; प्रदर्शनात तिचं टेबल रिकामं राहिलं.

तेव्हा मला ते नशीब वाटलं. आज दिसतं, त्या दाराला कडीसुद्धा नव्हती.

तुमच्या घरी आत्ता कोणी अशी बसली असेल, तर हे वाचणं थांबवा. उठा, तिला आत घ्या.